ग्रँटची पहिली फेरी

मेडिसिनची निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी आम्हाला राऊंडनंतर थांबवून घेतलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांवर झोप, पोटात चहाशिवाय काही नाही आणि सर भिंतीला टेकून निवांत बोलत होते. "प्रबंध काय, सगळेच करतात. तो पास होण्यापुरता असतो, पुढं कपाटात पडून राहतो. पण निवासी असतानाच बाहेरून संशोधनाची ग्रँट मिळवलीत, स्वतःचा एक प्रश्न मांडून चार अनोळखी माणसांना तो पटवलात, तर त्याचा उपयोग जन्मभर होईल. फेलोशिप घ्या, नोकरी घ्या, मुलाखतीत तेवढंच विचारतात. ज्यानं ग्रँटला अर्ज केला नाही त्याला मी निवासी डॉक्टर म्हणत नाही, हमाल म्हणतो."

माझ्या शेजारी उभा असलेला बॅचमेट दुसऱ्याच्या कानात पुटपुटला, "सरांना तरी कधी मिळाली बे ग्रँट?"

मिळाली नव्हती. सर वर्षानुवर्षे अर्ज करत होते आणि वर्षानुवर्षे नकार येत होते. अर्जावर बीड जिल्हा वाचला की निवड समितीतले लोक चष्मा काढून ठेवतात, असा त्यांचा ठाम संशय होता. नकार आला की ते दोन दिवस सगळ्यांवर खेकसायचे आणि तिसऱ्या दिवशी नव्या अर्जाची पानं घेऊन बसायचे. वॉर्डात या प्रकाराला 'सरांचं खूळ' म्हणत. मीही म्हणायची. मला संशोधनाची हौस नव्हती, मला झोपेची हौस होती. सलाईन लावणं, रिपोर्ट गोळा करणं, नातेवाईकांशी हुज्जत घालणं, यातून उरलेल्या वेळात कुणी मला वैज्ञानिक बनवू पाहील तर त्याच्याशी भांडायची माझी तयारी होती. माझा स्वभाव मुळातच भांडकुदळ, त्यात उपाशीपोटी.

मग दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्याच्या शेवटी मावशी आल्या.

मावशी म्हणजे माझ्या कुणी नव्हेत. सिरसाळ्याच्या पुढच्या एका वस्तीवरच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या बाई. वय माझ्या आईएवढं. दोन-अडीच महिने ताप येत होता. संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा, चार दिवस बरं वाटायचं की पुन्हा सुरू. कंबर एवढी दुखायची की उठताना खाटेची कड धरावी लागे. वाटेतल्या प्रत्येक दवाखान्यात टायफॉईडचं औषध झालं होतं, आणि तसं लिहिलेले इतके कागद त्यांनी पदरात बांधून आणले होते की मी ते बघूनच चिडले. त्यांचे मालक वॉर्डाबाहेर व्हरांड्यात घोंगडं अंथरून बसत. त्यांना मी मामा म्हणे. मामा फारसं बोलत नसत. राऊंड सुरू झाला की मात्र उठून उभे राहत आणि राऊंड संपेपर्यंत तसेच उभे असत.

"मावशी, दूध कच्चं पिता का?" मी विचारलं.

त्या हसल्या. "मंग काय शिजवून पित्यात व्हय? धार काढायची आन् त्वांडाला लावायची."

"आणि मेंढी व्यायला लागली की तुम्हीच बघता?"

"मी न्हाई तर कोन बघंल? ह्यांच्या हाताला ती येळ जमत न्हाई." मग त्यांनी मला सविस्तर सांगितलं. कोकरू बाहेर पडलं आणि श्वास घेत नसलं तर त्याच्या नाकातोंडात अडकलेला चिकटा आपल्या तोंडानं ओढून काढायचा, थुंकायचा आणि फुंकर मारायची. अशी कितीतरी कोकरं त्यांनी जगवली होती. सांगताना त्यांचा चेहरा तापातही उजळला. "औंदा पर लई मेंढ्यांनी गाभ टाकला बघा. काय झालंय काय की. हातातच यायचे मेलेले."

मी सरांकडे जवळजवळ पळत गेले. ब्रुसेला. पुस्तकात वाचलेला, परीक्षेत लिहिलेला आणि आजवर कधी न पाहिलेला आजार. गाभडलेल्या जनावरांतून आणि त्यांच्या कच्च्या दुधातून माणसाला होतो. त्याची तपासणी आमच्याकडे होत नव्हती. सरांनी ओळखीच्या माणसाला फोन करून शहरात रक्त पाठवलं. उत्तर आलं ते आम्हाला वाटलं तेच. सरांनी टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाले, "पेशंट नाही सापडला, प्रश्न सापडला!" आणि लगेच ओशाळून खिडकीबाहेर बघायला लागले. मलाही ते ऐकून कसंतरी झालं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

इलाज लांबलचक असतो. सुरुवातीला इंजेक्शनं आणि त्यासोबत सहा आठवडे गोळ्या. मध्येच सोडल्या तर आजार दबून राहतो आणि परत येतो, आणि परत आला की कधी मणक्यात बसतो, कधी हृदयाच्या झडपेवर. झडपेवर बसला तर माणूस हातचा जातो. म्हणून मावशींचा कोर्स पुरा करून घेणं हे त्या दिवसांत माझं एक वेडच झालं. बाकी पेशंट मी नर्सवर सोडत असे, मावशींची गोळी मात्र माझ्या समोर त्यांच्या घशाखाली उतरायला हवी.

त्यांना पटावं म्हणून मी एका दुपारी खाटेवर बसून सगळं समजावून सांगितलं. जंतू कुठून आला, कसा आला, शरीरात काय करतो. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"म्हंजी मेंढीला जे झालं त्येच मला झालंय?"

"तेच. रोग एकच आहे. तिचा गाभ पडतो, तुम्हाला ताप येतो."

"आन् ह्या गोळ्या त्या रोगाच्या."

"त्याच रोगाच्या. म्हणून एकही चुकवायची नाही."

मागून जाणाऱ्या सरांनी ते ऐकलं. संध्याकाळी सगळ्यांदेखत म्हणाले, पेशंटला आजार कसा सांगावा हे हिच्याकडून शिका. सरांच्या तोंडून कौतुक म्हणजे नवलच, आणि मी ते पुढचे कित्येक दिवस मिरवत होते.

त्याच महिन्यात एका संस्थेच्या ग्रँटची जाहिरात सरांनी माझ्यापुढे टाकली. खास निवासी डॉक्टरांसाठी. रक्कम बेताची, पण तपासणीचं साहित्य येईल आणि गाडी करून वस्त्यांवर जाता येईल एवढी होती. मेंढरं राखणाऱ्या कुटुंबांत हा आजार किती आहे, तो ओळखला जातो का आणि औषध पूर्ण घेतलं जातं का, हा आमचा प्रश्न. तोवर मी हमालच होते, पण मावशींना बघितल्यापासून मलाच उत्तर हवं होतं. जिल्ह्यातल्या किती बायका टायफॉईडचे कागद पदरात बांधून फिरत असतील, हा विचार डोक्यातून जाईना.

अर्ज लिहिणं हे मला वाटलं होतं त्यापेक्षा लई अवघड निघालं. वॉर्डातल्या टेबलावर, एका हातात पोळीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातानं टाईप. मध्ये कुणीतरी हाक मारणार, मी उठणार, परत येईपर्यंत चहा गार आणि वाक्य डोक्यातून गेलेलं. सर प्रत्येक मसुद्यावर लाल शाईचा पाऊस पाडत. "ही पार्श्वभूमी आहे की कीर्तन? काप." "इथं तुझा राग दिसतोय. राग काढ, प्रश्न ठेव." मी चिडून परत लिही. एकदा तर मी पानं त्यांच्या टेबलावर आपटली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी तीच पानं माझ्या डब्याशेजारी होती, नीट लावलेली, कडेला सरांच्या बारीक अक्षरात सूचना, आणि वर एक केळं ठेवलेलं.

एका ठिकाणी मात्र आमचं घोडं अडलं. ही कुटुंबं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात ती थेट पावसाळ्यापर्यंत घरी नसतात. त्यांना परत शोधायचं कसं? पेशंट हरवले तर अभ्यासाला काही अर्थ राहत नाही. सर डोकं धरून बसले. मी मावशींना विचारलं.

"त्यात काय अवघड हाय?" मावशी म्हणाल्या. "आमी उमापूरच्या अंगाला असतोय. तिकडची मोठी शेतकरी मानसं रान मोकळं झालं की मेंढरं बसवून घेत्यात. लेंड्यांचं खत मिळतंय त्यास्नी, आमाला दानं. चार दिस ह्याच्या रानात, चार दिस त्याच्या. तुमी फोनबिन लावत बसू नका, चार्जिंग कुठलं आलंय तिथं. गावात यायचं आन् इचारायचं, मेंढरं कुनाच्या रानात बसल्यात. ल्हान लेकरूबी सांगंल."

मी ते जसंच्या तसं अर्जात घातलं. निवड समितीची मुलाखत मोबाईलवरच झाली. मी ड्युटीरूमची कडी लावून, भिंतीवरचे ओले टॉवेल दिसू नयेत म्हणून कोपऱ्यात बसले होते. समितीतल्या एका बाईंनी नेमकं तेच विचारलं, फिरत्या लोकांचा माग कसा काढणार? मी म्हणाले, "पत्ता विचारणार नाही, कुणाच्या रानात मेंढरं बसलीत ते विचारणार." आणि सगळी रीत सांगितली. त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, असं उत्तर आम्हाला आजवर मिळालं नव्हतं.

दरम्यान मावशी घरी गेल्या होत्या. इंजेक्शनं पुरी झाली, ताप गेला, कंबर सरळ झाली. निघायच्या दिवशी त्यांनी वेणी घातली होती, तोंडावर तकाकी होती. उरलेल्या सगळ्या गोळ्या मी त्यांच्या हातात दिल्या, मामांनाही समजावलं.

"गोळ्या संपल्या की एकदा रक्त द्यायला यायचं, मावशी. रोग गेला की नाही ते त्यावरून कळेल. आणि माझ्याही कामाला लागेल ते."

"तुज्या कामाला व्हय?" त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला 'तू' म्हटलं. "परीक्षंला?"

"परीक्षेला नाही, पण तसंच काहीतरी."

"मंग येती की. तुजं काम अडवीन व्हय मी?" जाताना त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. बोटं कडाकडा वाजली आणि अख्खा वॉर्ड हसला.

दिवाळीनंतर ग्रँट मंजूर झाल्याचं कळलं. सरांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. शिपायाला दोन दिले, अधीक्षकांच्या खोलीत स्वतः नेऊन दिले, आणि मला तर त्यांनी पेढा भरवला. अर्ज माझ्या नावावर होता, त्यांचं नाव मार्गदर्शक म्हणून खाली. तरी इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलाय. कुजबुजणारा तो बॅचमेटही तीन पेढे घेऊन गेला.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण लोक मला तेच विचारतात. त्या ग्रँटनं माझं आयुष्य बदललं. शहरातल्या मोठ्या संस्थेत नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवलेले, माझ्यापेक्षा नामवंत कॉलेजांतले उमेदवार बाहेर बसले होते. आत मला मार्कांचं कुणी विचारलंही नाही. सगळी मुलाखत त्या एका अभ्यासावर झाली. प्रश्न कसा सुचला, खर्च कसा मांडला, माणसं कशी शोधली. नोकरी मिळाली. पुढं मोठ्या ग्रँट मिळाल्या, कारण समितीला आधीची एक ग्रँट नीट पार पाडलेला माणूस लागतो. सर म्हणाले होते ते शब्दन् शब्द खरं निघालं.

आता मीच निवासी डॉक्टरांना सांगते. अर्ज करा. नाकारला गेला तरी करा. पोळीच्या गुंडाळीबरोबर लिहावा लागला तरी लिहा. आपल्याला काय माहीत नाही हे स्वच्छ लिहिता येणं ही डॉक्टरकीतली फार मोठी गोष्ट आहे आणि ती राऊंडमध्ये शिकायला मिळत नाही. हे मी मनापासून सांगते. पोरं माना डोलावतात, मागच्या रांगेतली झोपतात. त्यांचंही बरोबर आहे.

पण हे सांगून घरी आले की मला त्या संध्याकाळी जेवण जात नाही. कारण ग्रँटच्या पैशातली पहिली फेरी आठवते.

मावशींच्या गोळ्या संपायची वेळ होऊन गेली होती आणि त्या आल्या नव्हत्या. फोन लावला की बंद. तिकडच्या आशाताईंचा नंबर मिळवून निरोप ठेवला, तर त्या म्हणाल्या मेंढरं पुढच्या गावाला सरकलीत. मी सरांकडे दोन दिवसांची सुट्टी मागितली. वॉर्डात डेंग्यूचे पेशंट जमिनीवर गाद्या टाकून झोपवले होते आणि आमच्यातले दोघे स्वतःच तापानं पडले होते. सरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मलाही दिसत होतंच. "पैसे जमा होऊ दे," ते म्हणाले, "पहिली गाडी तिकडंच काढू. अभ्यासाचं काम म्हणून तुला अधिकृतपणे सोडता येईल." पैसे मंजूर झाले होते, पण खात्यात येईनात. आज एक सही राहिली, उद्या कसला तरी खुलासा हवा. मी रोज विचारायला जायची आणि रोज भांडून यायची.

संक्रांत झाली आणि पैसे आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही निघालो, ड्रायव्हर आणि मी. मागच्या सीटवर नव्या कोऱ्या सुया, नळ्या, बर्फाचा डबा. मी खूश होते हे लपवत नाही. वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती, हवेत गारवा होता, आणि कित्येक महिन्यांनी मी दिवसाउजेडी वॉर्डाबाहेर होते. मावशींना काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते. तुमच्या उत्तरावर ग्रँट मिळाली मावशी, हे तर आधी सांगायचं होतं. त्यांच्यासाठी मी पेढेही घेतले होते.

उमापूरच्या अलीकडच्या गावात चहाच्या टपरीवर गाडी थांबवली आणि विचारलं, "मेंढरं कुणाच्या रानात बसलीत?"

टपरीवाल्यानं कप विसळता विसळता सांगितलं, "सिरसाळ्याकडची का? ती पाटलाच्या मळ्यात हायती. म्होरं जावा, हिरीपशी वळा."

मला इतका आनंद झाला की मी ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. बघा, म्हटलं, पत्ता लागत नाही म्हणणारे कोण ते!

कापूस उपटून मोकळं केलेलं रान होतं. मेंढरं एकमेकांना चिकटून बसली होती, कडेला जाळीच्या कुंपणात कोकरं. मामा बांधावर बसलेले. मला बघून त्यांनी ओळखलं, उठून उभे राहिले, अगदी राऊंडला राहायचे तसे. मग घोंगडं झटकून बांधावर अंथरलं.

"बसा, बाई."

"बसते. मावशी कुठं आहेत? पाण्याला गेल्यात का?"

त्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं.

"ती ऱ्हायली न्हाई, बाई."

मी पेढ्यांचा पुडा घेऊन तशीच उभी राहिले. मामा हळूहळू सांगत गेले. इकडे आल्यावर ताप परत आला. मग दम लागायला लागला, पायांवर सूज आली, निजता येईना, बसूनच रात्र काढायची. जवळच्या दवाखान्यात दोनदा नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले मोठ्या दवाखान्यात न्या. पण एवढी मेंढरं परक्या रानात कुणाच्या भरवशावर टाकायची? मामांनी भावाला निरोप धाडला. भाऊ आला, गाडी आली, मावशींना गाडीत बसवलं. गेवराईही आली नव्हती तोवर त्या गेल्या. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात.

"गाडीत सारकी म्हनत होती," मामा म्हणाले, "बाईकडं चला. तिला रगत द्यायचं ऱ्हायलंय, तिचं काम अडलं आसंल. म्या म्हनलं, आगं तू आधी बरी हो. तर म्हनली, कबूल केलंय म्या."

माझं डॉक्टरी डोकं अशा वेळीही बंद पडत नाही, त्याचा मला राग येतो. दम, सूज, म्हणजे झडपेवर बसला. म्हणजे आजार गेलाच नव्हता. मी विचारलं, "मामा, गोळ्या? सगळ्या घेतल्या होत्या ना त्यांनी? एकही चुकवली नव्हती ना?"

"चुकीवली न्हाई. रोजच्या रोज खाल्ली." त्यांनी मुंडासं या हातातून त्या हातात घेतलं. "आर्धी."

"अर्धी कावून?" 'का'ऐवजी माझ्या तोंडून तिकडचाच शब्द आला.

"आर्धी मेंढ्यांस्नी दिली. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, रोग येकच हाय, आन् गोळी त्याच रोगाची. ती म्हनली, माजं येकटीचं बरं हून काय? मेंढरात ऱ्हायला तर पुन्यांदा माझ्यातच यील, आन् पिल्लं मरत्यालीच. गाभन व्हत्या त्यांतल्या दोन लई आवडीच्या मेंढ्या व्हत्या तिच्या. भाकरीच्या तुकड्यात घालून रोज चारायची. म्हनायची, आर्धी ह्यास्नी, आर्धी मला. तुमाला सांगणार व्हती, रगत द्यायला आल्यावर. म्हनली, बाईला लई कवतिक वाटंल."

त्यांनी बोट दाखवलं. कुंपणाजवळ एक मेंढी उभी होती आणि तिच्या पोटाखाली दोन कोकरं ढुशा देत दूध पीत होती.

मला राग आला. मावशींवर आला, त्या मेंढीवर आला, खुलासे मागणाऱ्या कारकुनावर आला, डेंग्यूच्या डासांवरसुद्धा आला. एवढं समजून घेणारी बाई मला वॉर्डात दुसरी भेटली नव्हती, आणि त्या समजण्यानंच तिचा घात केला होता. मेंढीला त्या अर्ध्या गोळीचा काडीचाही उपयोग नव्हता. ती गाभडली नाही ती आपसूकच. तीन पोटांत वाटलेलं औषध एकालाही पुरलं नव्हतं. हे सगळं मला कळत होतं आणि यातलं एक अक्षरही मामांना सांगण्यासारखं नव्हतं.

"चुकलं का बाई तिचं?" मामांनी विचारलं.

त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. मी म्हणाले, "नाही मामा. मावशींचं काही चुकलं नाही."

मग मी बांधावर बसून रडले. आजवर किती मरणं बघितली, कुठल्याच पेशंटसाठी असं रडले नव्हते. ड्रायव्हर गाडीपाशी तोंड फिरवून उभा राहिला. मामांनी तांब्या भरून पाणी आणलं, माझ्या शेजारी ठेवलं आणि उकिडवे बसले. मेंढरं रवंथ करत होती.

बऱ्याच वेळानं मी तोंड धुतलं. परत निघायचं म्हणून उठले तर मामा म्हणाले, "बाई, त्या डब्यात सुया हायत न्हवं?"

"आहेत."

त्यांनी अंगरख्याची बाही दंडापर्यंत वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला. "तिचं रगत तर आता मिळायचं न्हाई तुमाला. माजं चालंल का?"

चालणार होतं. घरातल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं, असं अर्जात मीच लिहिलं होतं. मी दंडाला पट्टा बांधला. डोळ्यांत पाणी होतं म्हणून शीर दिसेना, बोटानं चाचपून शोधली. त्यांचा हात जराही हलला नाही. नळी भरत आली तसे ते तिच्याकडे बघत म्हणाले, "ह्यानं हुईल न्हवं तुमचं काम? ती लई इचारायची."

"होईल, मामा."

झालंही.